न आलेल्या संघाचे गुण कोणाला?



एरवी मी तुमच्याशी बोलतो ते नागलीच्या रोपांबद्दल, वरईवरच्या खोडमाशीबद्दल, नाहीतर मोगऱ्याच्या छाटणीबद्दल. आज क्रिकेटबद्दल लिहिणार आहे. कृषी विस्तार अधिकाऱ्याला चेंडूफळीशी काय देणेघेणे, असे तुम्ही म्हणाल. पण जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर इतकी वर्षे हिंडल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. भात कापून झाले, खळी उरकली, की माळावर खेळपट्टी धोपटली जाते, लाऊडस्पीकर बांधला जातो आणि टेनिस चेंडूचे सामने सुरू होतात. त्यात भांडणे होतात. ती माळावर राहत नाहीत. घरात येतात, सोयरिकीत येतात, पुढे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही डोके वर काढतात. आणि यातली बरीचशी भांडणे खेळलेल्या सामन्यावरून होत नाहीत, न खेळलेल्या सामन्यावरून होतात.

मला यात नाक खुपसावे लागले, ती हकीकत आधी सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. सांगितले तर जुने भांडण पुन्हा उभे राहील.

मोखाड्याच्या बाजूला एका गावातल्या पोरांनी दिवाळीच्या सुमारास सामने भरवले होते. आठ संघ, चार-चारांचे दोन गट. गटात प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचे, जिंकेल त्याला २ गुण, आणि गटातले पहिले दोन संघ उपांत्य फेरीत. सामना आठ षटकांचा. तीन रविवार गटाचे सामने आणि चौथ्या रविवारी उपांत्य व अंतिम. प्रवेश फी घेतली होती, चषक आणले होते, पहिल्या बक्षिसाला बोकड होता. छापील पत्रकसुद्धा काढले होते. पत्रकावर 'पंचांचा निर्णय अंतिम राहील' हे ठळक अक्षरात होते. एखादा संघ आलाच नाही तर काय करायचे, याबद्दल एक ओळ नव्हती.

ज्या गटात घोटाळा झाला त्यातल्या संघांना आपण नाक्याचे, नदीकाठचे, टेपावरचे आणि डोंगराकडचे म्हणू. नाक्याच्या संघाने तिन्ही सामने मारले. त्यांचे ६ गुण झाले, त्यांचा प्रश्नच नव्हता. डोंगराकडच्यांनी नदीकाठच्यांना हरवले. नदीकाठच्यांनी टेपावरच्यांना हरवले. म्हणजे नदीकाठचे २, डोंगराकडचे २, टेपावरचे शून्य. राहिला एकच सामना, टेपावरचे विरुद्ध डोंगराकडचे.

तिसऱ्या रविवारी टेपावरची पोरे भाड्याची जीप करून सकाळी आठलाच हजर झाली. नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. यजमानांच्या घरातल्या बायांनी पहाटे उठून दोन्ही संघांपुरत्या नागलीच्या भाकरी आणि उडदाची आमटी करून ठेवली होती, ती निवून गेली. डोंगराकडचा संघ काही आला नाही. दुपारी त्या पाड्यावरचा एक म्हातारा खाली उतरला तेव्हा उलगडा झाला. शनिवारी रात्री वीटभट्टीचा ट्रक आला आणि संघातली सात पोरे बायकामुलांसकट भिवंडीकडे निघून गेली. पावसाळ्यात घरात दाणा नव्हता तेव्हा त्यांनी उचल घेतली होती. मुकादम म्हणाला आज चला, तर आजच जायचे. पाड्यावर मोबाईलला रेंज नाही. निरोप द्यायचा तरी कोणाजवळ आणि कसा?

मी शेजारच्या गावातला मोगरा पाहून परत येत होतो. माळावर गर्दी दिसली म्हणून मोटारसायकल थांबवली, आणि अडकलो. "साहेब, तुम्ही शिकलेले. तुम्हीच न्याय करा."

दोन निकाल, दोन्ही चुकीचे

मंडळाच्या सेक्रेटरीने तोपर्यंत आपला निकाल वहीत लिहून टाकला होता. टेपावरच्यांना २ गुण दिले होते. एवढ्यावर थांबता तर ठीक होते. पण मग नदीकाठचे, टेपावरचे आणि डोंगराकडचे तिघेही २ गुणांवर आले, आणि पत्रकाप्रमाणे धावगती पाहायची वेळ आली. न झालेल्या सामन्याची धावगती काढायची कशी? सेक्रेटरीने डोके चालवले आणि लिहिले: टेपावरचे आठ षटकांत ८० धावा, डोंगराकडचे आठ षटकांत शून्य.

याचा परिणाम काय झाला तो आकड्यांतच पाहा. हिशेब सोपा व्हावा म्हणून सगळे डाव पूर्ण आठ षटकांचे धरतो. टेपावरच्यांनी नाक्याविरुद्ध ५२ केल्या आणि ७० दिल्या. नदीकाठाविरुद्ध ६० केल्या आणि ६४ दिल्या. सोळा षटकांत ११२ केल्या, १३४ दिल्या. षटकामागे ७ केल्या आणि सुमारे ८.३८ दिल्या, म्हणजे निव्वळ धावगती उणे १.३८. नदीकाठच्यांनी तीन सामन्यांत मिळून चोवीस षटकांत १८३ केल्या आणि १९१ दिल्या. त्यांची उणे ०.३३. सरळ दिसते की नदीकाठचे वरचढ. आता सेक्रेटरीच्या ८० आणि शून्य टेपावरच्यांच्या खात्यात घाला. चोवीस षटकांत १९२ केल्या, १३४ दिल्या. षटकामागे ८ केल्या, सुमारे ५.५८ दिल्या, निव्वळ धावगती अधिक २.४२! दोन सामने खेळून दोन्ही हरलेला संघ माळावर कोणी न काढलेल्या ऐंशी धावांवर उपांत्य फेरीत, आणि त्याला समोरासमोर हरवणारे नदीकाठचे घरी.

नदीकाठच्या पोरांनी आरडाओरडा केला तो उगीच नव्हता.

मग मी माझा निकाल दिला. माझ्या मनात ती ट्रकमध्ये बसून गेलेली पोरे होती. म्हटले, ती काही मुद्दाम चुकली नाहीत. पावसाने सामना गेला तर आपण गुण अर्धे-अर्धे वाटतो, तसे इथेही वाटा. दोघांना एकेक गुण द्या. सगळ्यांनी मान डोलावली. साहेबांनी सांगितले म्हणजे बरोबरच असणार! मी मोटारसायकल सुरू करून निघून गेलो.

माझ्या निकालाने काय झाले, तेही मोजा. टेपावरचे १, नदीकाठचे २, डोंगराकडचे ३. म्हणजे जे माळावर नव्हते, जे भिवंडीच्या वाटेवर होते, तेच उपांत्य फेरीत गेले. चौथ्या रविवारी ते येणार कुठून? उपांत्य सामना झालाच नाही, समोरचा संघ बॅट न उचलता अंतिम फेरीत. सामने बघायला लांबलांबून माणसे आली होती. नदीकाठचा संघही आला होता, बूट बांधून कडेला उभा होता, आणि त्याला खेळता येत नव्हते. मला हे आठवड्याने कळले. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे कबूल करतो.

नुकसान तिसऱ्याचे

सामना न झाला तर आपण दोघांचा विचार करतो: जो आला नाही तो आणि जो वाट पाहत बसला तो. पण साखळी सामन्यांत एक तिसरा असतो. तो त्या दिवशी माळावर नसतो, त्याचे काही चुकलेले नसते, आणि बहुतेक वेळा भरडला जातो तो तोच. बाद पद्धतीच्या सामन्यांत हा प्रश्न फारसा येत नाही; तिथे समोरचा आला नाही तर पुढे चाल मिळते आणि विषय मिटतो. आपल्या पोरांनी साखळी पद्धत धरली, हे चांगले केले, कारण एका पराभवाने संघ घरी जात नाही आणि प्रवेश फीचे चीज होते. पण साखळी धरली की हा तिसरा आलाच.

हा घोटाळा आपल्याच माळावर होतो असे समजू नका. २००३ चा विश्वचषक आठवा. सामने दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि केनियात होते. जिंकणाऱ्याला ४ गुण. सामना बरोबरीत सुटला किंवा पावसाने गेला तर दोघांना दोन-दोन. न्यूझीलंडने सुरक्षिततेचे कारण सांगून नैरोबीला जायला नकार दिला. केनियाला न खेळता ४ गुण मिळाले. गटाच्या शेवटी श्रीलंका १८, केनिया १६, न्यूझीलंड १६, वेस्ट इंडीज १४ आणि दक्षिण आफ्रिका १४. पुढे जाणार तीनच. केनियाचे ते ४ गुण काढा, उरतात १२.

म्हणजे न्यूझीलंड आले नाही, तरी ते पुढे गेले. आणि नैरोबीच्या त्या मैदानाशी ज्यांचा संबंध नव्हता ते वेस्ट इंडीज आणि यजमान दक्षिण आफ्रिका बाहेर राहिले. (दक्षिण आफ्रिकेने डर्बनला श्रीलंकेविरुद्ध पावसाचा तक्ता चुकीचा वाचून सामना बरोबरीत सोडवला, तो त्यांचा स्वतःचा दोष. वेस्ट इंडीजचा बांगलादेशाविरुद्धचा सामना पावसात गेला, तो कोणाचाच नाही.) त्यातून आणखी गंमत अशी, की केनियाचे ते ४ गुण पुढच्या 'सुपर सिक्स' फेरीतही त्यांच्याबरोबर गेले, कारण न्यूझीलंडही त्या फेरीत होते. केनिया उपांत्य फेरीपर्यंत पोचला आणि २० मार्चला डर्बनला भारताकडून हरला. गांगुलीने नाबाद १११ केल्या होत्या.

पण केनियावर राग धरू नका. त्यांनी नैरोबीत श्रीलंकेला खरोखर हरवले होते, आणि न्यूझीलंडसाठी ते मैदानावर तयार उभे होते. जो तयार उभा आहे त्याला गुण द्यायचे नाहीत, तर द्यायचे कोणाला?

त्याच विश्वचषकात इंग्लंड हरारेला गेले नाही, तेव्हा झिम्बाब्वेला ४ गुण मिळाले. शेवटी झिम्बाब्वे १४ आणि इंग्लंड १२. तिथे मात्र जो आला नाही तोच बाहेर गेला. त्याआधी १९९६ साली कोलंबोत मोठा बॉम्बस्फोट झाला आणि पंधरवड्यानंतरचे सामने खेळायला ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीज तिथे गेले नाहीत. त्यांची भीती खोटी होती असे कोण म्हणेल? तरीही दोन्ही सामन्यांचे गुण श्रीलंकेला दिले गेले. त्या वेळी सहातले चार संघ पुढे जाणार होते, म्हणून तिसऱ्या कोणाचा बळी गेला नाही. आपल्या गावच्या सामन्यांत चारातले दोन पुढे जातात. जागा जितक्या कमी, तितका तिसऱ्याला फटका जास्त.

मी जिथे चुकलो ते मला १९९६ च्या उदाहरणावरून उमगले. संघ का आला नाही, हे पाहून मी गुण वाटले. कारण पाहून दंड कमी-जास्त करावा, अनामत परत द्यावी, पुढच्या वर्षी फी माफ करावी. गुण मात्र एकाच गोष्टीवर द्यावेत: कोण हजर होता. पावसाचे वेगळे. मुंबईत १९४८ पासून भर पावसाळ्यात डॉ. कांगा लीग भरते. पाऊस आला की तो दोन्ही संघांवर सारखाच येतो. दोघेही आलेले असतात आणि दोघेही भिजतात. म्हणून तिथे गुण वाटून देणे शोभते. वीटभट्टीचा ट्रक एकाच पाड्यावर आला होता.

गुरांनी खाल्लेला वाफा

आता धावगतीचे पाहू. इथे माझ्या शेतीच्या शिक्षणाचा थोडा उपयोग झाला.

बी.एस्सी. अ‍ॅग्रीला आम्हाला प्रयोगाच्या वाफ्यांचे संख्याशास्त्र शिकवायचे. समजा तुम्ही भाताच्या पाच जाती चार-चार वाफ्यांत लावल्या. एके रात्री कुंपण मोडले आणि गुरांनी एक वाफा खाऊन टाकला. त्या वाफ्याचे उत्पन्न काय लिहायचे? शून्य लिहिले तर त्या जातीवर अन्याय. जात वाईट नव्हती, कुंपण वाईट होते. सगळ्यात चांगल्या वाफ्याइतके लिहिले तर ती फसवणूक. १९३३ साली इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रातले संख्याशास्त्रज्ञ फ्रँक येट्स यांनी यावर रीत घालून दिली. त्याच जातीचे बाकीचे वाफे आणि त्याच पट्ट्यातले बाकीचे वाफे पाहून अंदाजी आकडा बसवायचा. आणि महत्त्वाचे असे, की त्या अंदाजी आकड्याला नवी माहिती म्हणून मोजायचे नाही. वाफा गेला तो गेला. आकडा बसवल्याने तो उगवून येत नाही.

सेक्रेटरीच्या ऐंशी धावा म्हणजे खाल्लेल्या वाफ्यात सगळ्यात जास्त उत्पन्न लिहिणे झाले. न झालेल्या सामन्याने कोण चांगला खेळतो याची कसलीही माहिती मिळत नाही. म्हणून आलेल्या संघाच्या धावगतीत त्या सामन्याची एकही धाव घालू नये आणि एकही षटक घालू नये. जे खरोखर खेळले त्यावरच त्याची धावगती काढावी. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांतही आता असेच आहे. आलेल्या संघाच्या धावगतीला हात लावत नाहीत. न आलेल्या संघाच्या खात्यात मात्र पूर्ण षटके धरतात आणि धावा शून्य, म्हणजे त्याची धावगती खाली येते. फुटबॉलवाले न आलेल्या संघाविरुद्ध ३-० असा निकाल लिहितात. त्यांच्याकडे गोल थोडे असतात, तिथे तीनवर लगाम राहतो. क्रिकेटमध्ये धावांचा आकडा कल्पनेने लिहायला बसलात तर लगाम कोण घालणार?

मग कोणी विचारील, की वाफ्याचा न्याय गुणांनाही का लावू नये? टेपावरचे दोन्ही सामने हरले होते, म्हणजे तिसराही हरले असते. मग २ गुण कशाला? हा प्रश्न मला नदीकाठच्या एका पोराने विचारला होता, आणि प्रश्न चांगला आहे. पण वाफा जीप करून येत नाही. मजूर सकाळी बांधावर आला आणि मालकाकडे काम नसले, तर चांगला मालक त्याला रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. आपल्या राज्याच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्यातही मागूनही काम न मिळालेल्या मजुराला बेकारी भत्ता द्यायची तरतूद होती. गुण हे थोडे हजेरीचेही असतात. २ गुण टेपावरच्यांचेच. धावा मात्र नाहीत.

एवढे केल्यावर त्या गटाचा निकाल काय लागला असता? तिघेही २ गुणांवर. त्यातला जो आला नाही तो समान गुणवाल्यांत शेवटी. उरले नदीकाठचे आणि टेपावरचे. त्यांच्या आपसातल्या सामन्यात नदीकाठचे जिंकले होते, धावगतीही त्यांचीच बरी. नदीकाठचे पुढे. टेपावरची पोरेसुद्धा हे मानायला तयार झाली असती, असे मला वाटते.

मैदान सोडून जाणारे

दुसरा प्रकार, आलेला संघ मध्येच निघून जाण्याचा. आपल्याकडे धावबादवरून हे नेहमीचे आहे. याचे महाराष्ट्रातले सगळ्यात गाजलेले उदाहरण पुण्याचे. १९४८ च्या डिसेंबरात पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र आणि काठियावाड यांचा रणजी सामना होता. आपल्या कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. डॉन ब्रॅडमनचा त्या वेळचा ४५२ धावांचा विक्रम अवघ्या नऊ धावांवर होता. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. विश्रांतीची वेळ झाली आणि काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, पुढे खेळायला तयार होईनात. त्यांनी सामना सोडून दिला. महाराष्ट्र जिंकला, निंबाळकरांच्या नऊ धावा राहिल्या त्या राहिल्याच. २०१२ च्या डिसेंबरात ते कोल्हापुरात वारले. ते कधी कसोटी खेळले नाहीत, पण ते ४४३ आजही रणजी करंडकातले सर्वोच्च आहेत.

सामना सोडणाऱ्याने गुण दिले म्हणजे सगळे भरून निघाले असे होत नाही, हे निंबाळकरांच्या नऊ धावांवरून समजते. म्हणून सामना मध्येच सोडला गेला, तरी तोवर काढलेल्या धावा आणि घेतलेले बळी खेळाडूंच्या नावावर राहू द्यावेत. आणि 'उत्कृष्ट फलंदाज'चे बक्षीस एकूण धावांवर देत असाल, तर ज्याच्या वाट्याला न झालेला सामना आला त्याचा एक डाव बुडतो. सामन्यामागे सरासरी काढा, मग हा अन्याय राहत नाही.

नियमाप्रमाणे पंचांनी आधी कर्णधाराला विचारायचे असते, तुम्ही खेळायला नकार देता आहात का? तो नाहीच म्हणाला तर सामना समोरच्या संघाला. २००६ साली लंडनच्या ओव्हल मैदानावर पाकिस्तानचा संघ चहापानानंतर वेळेवर आला नाही, पंचांनी बेल्स उडवल्या आणि कसोटी इंग्लंडला दिली. मग २००८ साली आंतरराष्ट्रीय मंडळाने तो निकाल बदलून अनिर्णित केला आणि २००९ साली पुन्हा इंग्लंडला विजय दिला. एवढ्या मोठ्या मंडळाची ही गत! मागाहून निकाल फिरवायला लागले की थांबता येत नाही.

भाऊबंदकीतल्या संघाला पुढे ढकलण्यासाठी मुद्दाम न येणे, हाही एक रोग आहे. त्यावर एक इंग्लंडमधली गोष्ट. १९७९ साली सॉमरसेट संघाने पुढच्या फेरीतली जागा पक्की राहावी म्हणून एका षटकात एक धाव करून डाव घोषित केला. नियमात बसत होते. लोक पैसे देऊन आले होते, सामना काही मिनिटांत संपला. मंडळाने सॉमरसेटला त्या स्पर्धेतूनच काढून टाकले.

पत्रकाच्या मागच्या बाजूला

तेव्हा पोरांनो, पत्रक छापाल तेव्हा चषकांची चित्रे थोडी लहान करा आणि मागच्या बाजूला चार ओळी घाला. ठरल्या वेळेनंतर किती थांबायचे ते लिहा. आपल्या घाटातल्या रस्त्यांना आणि एस.टी.ला धरून तासभर ठीक. मोगरेवाल्या पाड्यांवर पहाटे कळ्या तोडून मुंबईला जाणाऱ्या गाडीवर माल घालावा लागतो, तेव्हा त्यांचे सामने उन्हे वर आल्यावर ठेवा. आळस म्हणून ती पोरे उशिरा येत नाहीत. सात जण आले तरी सामना सुरू करायचा, असे लिहून टाका. सात जणांनी हरणे हे न येण्यापेक्षा सगळ्यांच्या हिताचे आहे, तिसऱ्याच्याही.

आदल्या दिवशी निरोप आला आणि दोन्ही संघ राजी असले, तर सामना दुसऱ्या दिवशी घ्या. निरोप नाही तर पुढे चाल. प्रवेश फीबरोबर अनामत घ्या. सगळे सामने खेळणाऱ्याला ती परत. न आलेल्याची अनामत वाट पाहून परत गेलेल्या संघाला जीपभाड्यापोटी द्या. मंडळाच्या पेटीत टाकू नका. भाकरी केलेल्या घरालाही त्यातून पिठाचे पैसे द्यायला हरकत नाही. हे मी गमतीने लिहीत नाही. पहाटे चूल पेटवणाऱ्या बायांचा विचार सामन्यांच्या हिशेबात कोणी करत नाही.

एखादा संघ पुरताच स्पर्धा सोडून गेला तर? बुद्धिबळवाल्यांचा नियम मला पटतो. निम्म्याहून कमी डाव खेळून गेला तर त्याचे सगळे निकाल गुणतक्त्यातून वगळायचे. निम्मे किंवा जास्त खेळला असेल तर झालेले निकाल कायम ठेवायचे आणि उरलेले त्याने हरले असे धरायचे. डोंगराकडच्यांचे तीनपैकी दोन सामने झाले होते, म्हणजे दुसरा भाग त्यांना लागला असता.

आणि तारखा. दिवाळीनंतर भट्टीचे ट्रक यायला लागतात, हे आपल्या दोन्ही तालुक्यांत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी सामने त्याच महिन्यात ठेवतो, कारण खाचरे तेव्हा रिकामी असतात. गेलेली माणसे होळीला परत येतात. सामने होळीनंतर ठेवले तर ऊन असते, पाण्याची ओढाताण असते, टँकरची वाट पाहावी लागते, हे मान्य. पण संघ पुरे असतात.

त्या वर्षी होळीला मी त्या भागात होतो. डोंगराकडच्यांचा कर्णधार भेटला. भट्टीवरून आदल्या दिवशीच उतरला होता, विटांच्या धुळीने हाताची कातडी फाटली होती.

"साहेब, आम्ही सेमीला होतो म्हणे?"

मी म्हटले, "होतास बाबा. माझ्या चुकीने."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आमची बहीण दिली आहे नदीकाठी. तिच्या घरचे बोलत नाहीत आमच्याशी. म्हणतात, तुम्ही आला नाही ते नाही, वर आमची जागा घेतली."

संध्याकाळी आम्ही दोघे मोटारसायकलवरून नदीकाठी गेलो. मी त्याच्या दाजीपुढे वही धरली आणि सगळा हिशेब त्याला करून दाखवला: सेक्रेटरीचा, माझा, आणि जो व्हायला हवा होता तो. दाजीने तो दोनदा तपासला. मग आत आवाज देऊन चहा टाकायला सांगितले, तीन कप.

पुढच्या वर्षीचे सामने होळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी लागले. पत्रकाची मागची बाजू त्या दाजीने लिहिली होती.